समुद्रात खोदलेला झिरा

समुद्र खाली गेला, असं मी बायकोला, बजाबाईला, फोनवर सांगितलं, तेव्हा तिनं फोन शेळीच्या तोंडापुढं धरला.

"हिला सांगा," ती म्हणाली. "ही न्हवी हाय. हिला अजून तुमची सवय न्हाय."

पलीकडून शेळीचा श्वास ऐकू आला. मग ती शिंकली.

"बजे, देवाशप्पत! तीन माड्या खाली गेला. सकाळी होड्या रस्त्याच्या बरोबरीला हुत्या, आता वाकून बगावं लागतंय."

"ऐकलंस का?" बजाबाई शेळीला म्हणाली. "चल, पाला खा."

फोन बंद. मी कॅनडात, हातात गार पडलेला फोन. आणि खरं सांगतो, तीन माड्या म्हणताना माझी जीभ आखडली होती. एरवी मी दहा म्हणालो असतो.

तिची चूक म्हणता येणार नाही. मोडनिंबच्या बाजारात माझ्या शब्दाला काय भाव आहे तो मला ठाऊक आहे. बहात्तरच्या दुष्काळात उन्हानं आमच्या म्हशीचं दूध कासेतच आटायचं आणि धार काढायला बसलं की चरवीत थेट खवा पडायचा, हे मी गेली कित्येक वर्षं सांगत आलोय, आणि त्यातला शब्दही मागं घ्यायला मी आज तयार नाही. आमच्या रेवणप्पाच्या हॉटेलात लोक चहा मागवतात आणि लगेच म्हणतात, "रामहरी आला का बगा, चहात घालायला कायतरी पायजे."

पण या खेपेला मी खरं बोलायला निघालो होतो. लेकीसाठी.

वैजयंती ही माझी एकुलती एक लेक. कॅनडात सेंट जॉन म्हणून एक बंदराचं गाव आहे, तिथं राहते. नवरा अभिमन्यू मूळचा करकंबचा, तिथल्या कागदाच्या गिरणीत इंजिनिअर आहे, पाळ्या बदलत्या. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. तसे आधीही एकदा गेले होते, पण ते राहिलं नाही. तेव्हा ती दवाखान्यातून एकटीच घरी आली, आणि आईला कळवलं ते महिना उलटल्यावर. म्हणून या वेळी तिला आई हवी होती. डिंक तिथं मिळतो, अळीव मिळतात, लाडू कसे वळायचे तेही फोनवर बघायला मिळतं. आई मिळत नाही.

आणि बजाबाई येईना.

तिचं माहेर उजनीच्या पोटात आहे. धरण भरायला लागलं तेव्हा ती परकरातली पोर होती. पाणी येणार, पाणी येणार, म्हणून सरकारी माणसं सांगून गेली होती. कुणाला खरं वाटलं नव्हतं. मग बापानं घराचे वासे काढून गाडीत भरले, दाराची चौकट काढली, आणि ही उंबऱ्यावर बसून राहिली. पाणी पायाला लागलं तेव्हा तिला चुलत्यानं उचलून नेली. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं: पाणी आलं की जात न्हाय.

वैजयंतीनं आधी तिला सांगून पाहिलं होतं, की आई, समुद्र आमच्या घरापासून लांब आहे. मग एक दिवस व्हिडिओ कॉल चालू असताना वैजयंतीच्या मागच्या खिडकीतून एक अख्खी इमारत चालत गेली. गॅलऱ्या, दिवे, गॅलरीत उभी माणसं, सगळं घेऊन. बजाबाई म्हणाली, "वैजू, तुज्या मागनं माडी चाललीय." जहाज होतं ते. लेक खोटं बोलली हे तिला कळलं, आणि माझ्यावरचा विश्वास नव्हताच, लेकीवरचाही एका खिडकीत गेला.

व्हिडिओवर तर तिचा भरवसा आधीच उडाला होता. स्टँडवरच्या मोबाईलवाल्या नंदीशनं कौतुकानं तिला मोबाईलमध्ये वाघावर बसवून दाखवली होती. वाघ चालतोय, ही पदर सावरतेय. "मी बसलेली न्हाय आन् बसलेली दिसती," ती म्हणाली. "तसलाच तुमचा समुद्र."

व्हिसा दोघांचा आला. ती म्हणाली, "तुमी फुडं जावा. घर बगा, पाणी बगा. मग सांगा, मी येते का न्हाय त्ये ठरवते. पर ह्यात तुमचं काय मिसळू नका. जसं हाय तसं. एक शब्द जरी वाडवला, तर म्या आले न्हाय म्हणून समजा."

म्हणजे साक्षीदार म्हणून मला नेमलं. अख्खा माढा तालुका धुंडाळला असता तरी याहून वाईट साक्षीदार सापडला नसता.

मी उतरलो तेव्हा गाव नव्हतंच. धुकं होतं. सोलापुरात भवानी पेठेत माझा चुलता माग चालवायचा. त्याच्या खोलीचं दार उघडलं की सुताची बारीक पांढरी धूळ नाकातोंडात जायची, आणि तो स्वतः आत कुठं बसलाय ते खोकल्यावरनं ओळखावं लागायचं. तसं हे धुकं, पण गार आणि ओठाला खारट. अभिमन्यू गाडी चालवत म्हणाला, "मामा, हे उजवीकडं बघा, समुद्र." मी उजवीकडं बघितलं. डावीकडं बघितलं. सगळीकडं तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीपाशी चहा पीत बसलो होतो आणि धुकं उचललं. उचललं म्हणजे कुणीतरी चादरीची चार टोकं धरून वर घेतल्यासारखं. खाली आधी रंगीत लाकडी घरं आली, एकाच्या खांद्यावर एक, उतारावर. मग रस्ता. मग रस्त्याच्या कडेला टेकलेल्या होड्या. आणि त्यांच्या पलीकडं पाणी. मी आपला आमच्या शिवाराच्या हिशेबानं बांध शोधत होतो. पाणी आहे तर त्याला कुठं तरी बांध असणार. नजर जाईल तिथवर गेलो, पुढं गेलो, आणि आभाळातच शिरलो. बांध नव्हता. चहा हातात तसाच राहिला. एवढं पाणी जगात होतं आणि आमच्याकडं टँकरसाठी भांडणं होत होती, हा हिशेब देवाला कुणी विचारलाय की नाही, कोण जाणे.

दुपारी जेवून परत खिडकीत आलो, तर होड्या गेल्या होत्या. गेल्या नव्हत्या, खाली होत्या. एवढ्या खाली, की डोलकाठ्यांची टोकं तेवढी रस्त्याच्या वर. धक्क्याचे लाकडी खांब, जे सकाळी बोटभर दिसत होते, ते आता ताडासारखे उभे, अंगभर शेवाळ, आणि त्यांच्या पायाशी चिखल चमकत होता. मी ओरडलो, "वैजू! गेट कुणी उगडलं गं?"

ती हसत हसत पोट धरून बाहेर आली. "आण्णा, गेट नाही. भरती-ओहोटी. इथं जगातली मोठी असते."

त्यानंतर मी फोन केला आणि तो शेळीनं घेतला, ते सांगितलंच.

पुढच्या दिवशी अभिमन्यूची सुट्टी होती. तो म्हणाला, "चला मामा, तुम्हाला नदी दाखवतो." गावात एक पूल आहे, खाली दोन खडकांच्या मधून नदी. आपल्या भीमेपेक्षा तिथं पात्र अरुंद, पण पाणी काळं आणि घाईचं. आम्ही पोचलो तेव्हा ती समुद्राकडं चालली होती, सगळ्या नद्या जातात तशी. एक ओंडका तिच्यात गटांगळ्या खात चालला होता. मी म्हणालो, "छान हाय. चला."

"थांबा जरा," अभिमन्यू म्हणाला.

थांबलो. पाण्याची घाई कमी झाली. फेस जागच्या जागी गोल फिरायला लागला. आणि नदी थांबली. आता, नदी आटलेली मी आयुष्यभर बघत आलोय. थांबलेली कधी बघितली नव्हती. काठोकाठ भरलेली, आणि गप्प. वरून एक पांढरा पक्षी गेला, त्याची सावलीसुद्धा पाण्यावर मोडली नाही. तो ओंडका मधोमध उभा राहिला, घरी काही विसरल्यासारखा. आणि मग, हळूच, माघारी निघाला. त्याच्यामागनं फेस. त्याच्यामागनं अख्खी नदी. डोंगराकडं. वर.

मी टोपी काढून हातात धरली. देवळातसुद्धा काढत नाही, पण तिथं काढली गेली.

"समुद्राचं पाणी चढतं आणि नदीला ढकलतं," अभिमन्यू सांगत होता. मला ऐकू येत होतं, पण मी दुसऱ्याच विचारात होतो. एवढी वर्षं मी गोष्टी रचतोय. खवा देणारी म्हैस रचली, सावलीला घाम फुटला ते रचलं. नदी उलटी वाहते, हे मात्र मला कधी सुचलं नाही. थोडा रागच आला. आपल्याच धंद्यात कुणी आपल्या पुढं गेलं की येतो तसा.

घरी आल्यावर वैजयंती म्हणाली, "आण्णा, हे आईला सांगू नका."

"कबूल केलंय म्या. जसं हाय तसं."

"अहो, पण हे जसं आहे तसं नाहीच आहे!"

मी फोन लावला. बजाबाईनं सगळं ऐकून घेतलं. ओंडक्याचंसुद्धा. मग म्हणाली, "तितं काय देत्यात प्यायला?"

"चहा गं. बिनआल्याचा."

"नदी उलटी वाहती."

"व्हय."

"म्हंजी पाणी वर चडतं. गावाकडं येतं."

माझ्या एवढ्या मोठ्या नदीतनं तिनं नेमका तेवढाच घोट उचलला होता.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "खरं असंल तर मी येत न्हाय. खोटं असंल तर तुमी मला फसवून न्यायला बसलाय, मग तर येतच न्हाय. पोरीला म्हणावं, तितं नर्सा असत्यात. त्या बगतील."

फोन स्पीकरवर होता. वैजयंती बाळासाठी आणलेल्या इवल्या इवल्या झबल्यांच्या घड्या करत बसली होती. तिनं हातातली घडी पुरी केली, ती बाकीच्यांवर ठेवली, आणि सगळी एका पिशवीत कोंबली.

"आण्णा," ती म्हणाली, "आयुष्यभर फुकटात खोटं बोललात. एकदा कामाचं बोला की."

बरोबर होतं तिचं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी घसा खाकरून फोन लावला. "बजे, मी नीट बगून आलो. हितलं पाणी म्हंजी आपलं तळं. गप पडून असतंय. घरापास्नं लांब हाय. काय भ्यायचं कारण न्हाय."



"तुमाला बरं न्हाय का?" तिनं विचारलं.

"का गं?"

"एवडं सादं तुमी लगीन झाल्यापास्नं बोलला न्हाईसा. वैजी शिकवतीय न्हवं शेजारी बसून? सांगा तिला, आई वळकती."

झालं. खरं बोललो तर खोटं वाटतं, खोटं बोललो तर उघडं पडतं. वैजयंती उठून स्वैपाकघरात गेली. दुधाची पिशवी फ्रिजमध्ये ठेवता ठेवता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "राहू दे. मागच्या वेळेला तरी कोण होतं?"

मला त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि ही गोष्ट मी वाढवून सांगत नाही.

सकाळी उठलो ते तडक पाण्याकडं जायला निघालो. जाब विचारायला म्हणा. हातात तांब्या होता. वैजयंतीनं दारातच अडवलं.

"आण्णा! तांब्या कशाला?"

"सवय."

"इथं पोलीस धरतात."

"अगं, नुस्ता हातात. ह्या वेळंला मोकळ्या हातानं भाईर पडलं की चालायला जमत न्हाय मला."

घराच्या खालच्या अंगाला, वस्ती संपते तिथं एक किनारा आहे. मी उतरलो, तर समुद्र नव्हता. पार तिकडं, आभाळाला चिकटून एक चकाकणारी रेघ. आणि अलीकडं सगळी जमीन. ओली वाळू, तिच्यावर पाण्यानं काढलेल्या वळ्या, जशी नांगरट करून ठेवलीय. काळे खडक, त्यांच्यावर शेवाळाचे केस. जागोजागी थारोळी, आणि प्रत्येक थारोळ्यात एकेक आभाळ. मी चपला हातात घेतल्या आणि चालत सुटलो. कालपर्यंत जिथं जहाजं चालत होती तिथं रामहरी चालत होता, मोडनिंबचा. मधेच एक मोठा काळा दगड होता, माझ्या खांद्याएवढा. त्याच्याजवळ थांबलो. पायाखालची वाळू दाबून बघितली, आणि एकदम ओळखीची वाटली.

उन्हाळ्यात आमची सीना नदी म्हणजे नुसती वाळू. पाणी वर नसतं, खाली असतं. वाळू हातानं उकरायची. कोपरभर खड्डा झाला की तळाला ओल धरते, मग पाणी डोकावतं. पहिलं गढूळ येतं, ते उपसून टाकायचं. परत भरू द्यायचं. परत उपसायचं. मग जे येतं ते असं नितळ आणि गोड, की नळाचं पाणी तोंडात धरवत नाही. त्याला झिरा म्हणतात. आमच्याकडं नदीच्या पात्रात माणूस ओल्या वाळूवर बसला आणि हातात भांडं असलं, की दुसरं काही करतच नाही. हात आपोआप उकरायला लागतात.

माझेही लागले.

समुद्र खारट असतो हे काय मला ठाऊक नव्हतं? होतं. पण माझं म्हणणं असं, की वाळू भल्याभल्यांना सरळ करते. पाणी आलं. उपसलं. परत आलं, परत उपसलं. मग नितळ आलं, तळाचा कण न् कण दिसेल असं. तांब्या बुडवला, तोंडाला लावला, आणि डोळ्यांतून पाणी आलं तेसुद्धा त्या मानानं गोड होतं.

तरी मी सोडलं नाही. आणखी एकदा उपसून भरायची वाट बघत बसलो. तेवढ्यात खडकामागनं एक म्हातारा आला. गोरा, माझ्याच वयाचा, मांडीपर्यंत हिरवे रबरी बूट, हातात बादली. बादलीत शंख. तो माझ्या खड्ड्याशी थांबला. आत बघितलं, माझ्याकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं. काही विचारलं. मी खुणेनं सांगितलं: उकरायचं, उपसायचं, प्यायचं. तो गुडघ्यावर बसला, बोट बुडवून चाटलं, आणि असं तोंड केलं की मला हसू फुटलं. तोही हसला. भाषा कसली लागतेय! दोन म्हातारे समुद्राच्या तळाला बसून हसत होतो.

मग त्यानं माझ्या खांद्यावरून मागं बघितलं आणि हसायचं थांबला.

मी वळलो. समुद्र आला होता. लाट नाही, आवाज नाही. दूध तापताना पातेल्याच्या कडेनं कसं गुपचूप वर सरकतं, तसा. आणि पुढून नव्हे, बाजूनं. आम्ही आणि किनारा यांच्या मधला जो सखल भाग मी मघाशी कोरडा चालत आलो होतो, तो भरत होता. म्हाताऱ्यानं माझं मनगट धरलं. मी तांब्याकडं वाकलो, त्यानं हिसका दिला. पाण्यात शिरलो तर गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. आणि गार असं, की पाय माझे आहेत की त्याचे, कळेना. तो बादली डोक्याच्या उंचीवर धरून चालला होता आणि सारखं काहीतरी बोलत होता, शिव्याच असणार, कारण ऐकून धीर येत होता.

वर खडकावर पोचलो. बसलो. आणि मग बघत राहिलो.

झिरा आधी गेला. मग काळ्या दगडाच्या घोट्याला पाणी लागलं. मग कमरेला. मग गळ्याला. दगड काही करत नव्हता, नुसता उभा होता. शेवटी त्याचा माथा तेवढा राहिला, भाकरीएवढा, आणि एका दमात तोही झाकला. पाण्यावर एक सुरकुतीसुद्धा उरली नाही. तिथं कधी कुणी बसलं होतं, उकरलं होतं, हसलं होतं, त्याची खूण नाही. आणि बजाबाईला मी एवढी वर्षं बायको म्हणून ओळखत होतो. उंबऱ्यावर बसलेली ती परकरातली पोर मला तिथं, त्या खडकावर पहिल्यांदा दिसली.

वैजयंती रस्त्यावरून हाका मारत आली. जाकिटाच्या गुंड्या पोटावर लागत नव्हत्या.

"एक बाळंतपण कमी हाय का? तुमाला पण संबाळू?" रागावली की तिची भाषा मोडनिंबला जाते. "तांब्या कुटंय?"

मी पाण्याकडं बोट केलं.

म्हातारा तिच्याशी बोलला, मग माझ्याकडं वळून हात वर नेला, खाली आणला, आणि बोटानं समोरची जागा दाखवली. वैजयंती म्हणाली, "म्हणतोय, उद्या सकाळी या. सगळं जाग्यावर असेल. इथलं पाणी चोर नाही."

दुसऱ्या सकाळी तो माझी वाटच बघत होता. आम्ही उतरलो. काळा दगड उभा होता, अंगावरनं पाणी निथळत, नुकती आंघोळ करून आल्यासारखा. झिरा बुजला होता, पण त्या जागी वाळू जरा बसलेली होती, आणि तिच्यातनं तांब्याचा काठ दिसत होता. उपसून काढला. आत वाळू, आणि वाळूत तुरीच्या दाण्याएवढा एक खेकडा, नांग्या उगारून घर राखत बसलेला.

मी तिथूनच फोन लावला. मोडनिंबला दुपार होती, शेळ्या लिंबाखाली असायची वेळ.

"बजे, मी समुद्राच्या तळाला हुबा हाय."

"हुबं ऱ्हावा. मी शेळ्यांस्नी पाणी दावून येते."

"थांब. ऐक. काल हितं दोन पुरुष पाणी हुतं. माझ्या डोळ्यांदेखत एक दगूड बुडाला, पार माथ्यापतोर. माझा तांब्या बुडाला. आता पाणी न्हाय. दगूड हाय, तांब्या हाय. मी हात लावून बोलतोय."

ती थट्टा करील म्हणून मी थांबलो. तिनं केली नाही.

"वास कसला येतोय?" तिनं विचारलं.

या प्रश्नाची माझी तयारी नव्हती. मी नाक वर केलं. "मासळीचा येतोय. शेवाळाचा... आन्... थांब." मी दगडाशी वाकलो. "जुनी भिंत पावसात पडली की आतनं येतो न्हवं, तसा. थंडगार. मातीचा, पर जित्या मातीचा न्हवं."



"उजनी तळाला गेल्ती त्या साली मी जाऊन आले," बजाबाई म्हणाली. "तुमाला न्हाय सांगितलं. माज्या चुलतभावाच्या गाडीवर बसून गेले. पाया तेवडा ऱ्हायला हुता. चुलीची जागा वळकू आली. असाच वास येत हुता. घरी येऊन दोनदा लुगडं धुतलं तरी जाईना."

"बजे..."

"खरं सांगताय तुमी. ह्यो वास तुमाला रचता यायचा न्हाय."

म्हातारा शंख वेचायचा थांबून माझ्याकडं बघत होता. मी त्याला पाठ केली.

"रोज जातं पाणी?" तिनं विचारलं.

"रोज. दिसातनं दोनदा."

"आन् येतं?"

"येतं."

"आन् परत जातं?"

"जातं की. कालचं गेलंय, आत्ता बगतोय."

"आमचं म्हायार उगडं पडतं त्ये दुष्काळ पडला तर. लोकं पाण्यासाटी रडत्यात, आन् मी मनात म्हणते, अजून जरा आटू दे. वाईट हाय की न्हाय?"

मी म्हणालो, "हितं कुणाला तहानलेलं ठेवावं लागत न्हाय."

तिनं नाक ओढलं. मग तिचा रोजचा आवाज परत आला. "शेळ्या बिरप्पाच्या म्हाळसाबाईकडं ठिवते. न्हव्या शेळीला बांदून घालायला सांगाय पायजे, लई वडाळ हाय. डिंक मी हितनंच आणते, तितला कसला असतोय कुणाला दक्कल. आन् वैजीला म्हणावं पाय लोंबकळत सोडून बसू नको." जरा थांबून म्हणाली, "पर त्ये नदीचं? उलटी वाहती म्हणालासा त्ये?"

मी दूरवर बघितलं. उतारावर वैजयंतीची खिडकी दिसत होती.

"त्ये जरा वाडवलं हुतं," मी म्हणालो.

"वाटलंच मला," ती म्हणाली, आणि तिला फार बरं वाटलं. एवढी मोठी नदी मी लेकीसाठी सरळ करून टाकली.

बजाबाई आली त्या दिवशी धुकं नव्हतं आणि पाणी भरलेलं होतं, काठोकाठ, होड्या रस्त्याला टेकलेल्या. अभिमन्यूनं पिशव्या आत आणल्या. ती लेकीला भेटली, तोंडावरनं हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, पोटाकडं एकदा नीट बघून घेतलं, आणि मग म्हणाली, "खिडकी कुटली?"

खुर्ची ओढून ती खिडकीपाशी बसली. डोक्यावरचा पदर काढला नाही, पायातले मोजे काढले नाहीत. वैजयंती शेजारच्या सोफ्यावर आडवी झाली तेव्हा बजाबाईनं तिचे सुजलेले पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले आणि दाबायला लागली. नजर पाण्यावर. चहा ठेवला, तो निवला. दुसरा ठेवला, तोही निवला. बोलण्यासारखं सगळं बाहेर चाललं होतं.

खांबांची बोटं झाली, बोटांचे हात झाले. होड्या उतरत गेल्या. धक्क्याची ओली शिडी एकेक पायरी बाहेर आली. मग दगड दिसले, मग चिखल, आणि शेवटी ती वळ्यावळ्यांची वाळू, आडवी, उघडी, उन्हात वाफ सोडणारी. बजाबाईचे हात थांबले. तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

"गेलं की हो," ती म्हणाली. एवढ्या हळू, जणू जोरात म्हटलं तर ते परत येईल.

मी उठायला लागलो, तशी तिनं माझा सदरा धरला.

"बसा गप. पोरीला झोप लागलीय. परत भरूस्तवर कुटं जायचं न्हाय."